शुक्रवारचं आकाश

प्रिय बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मावशीला बजावून सांगितलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं आणि तू ते फोडेपर्यंत समोरून हलायचं नाही. तेव्हा ती बिचारी आत्ता तुझ्यापुढे उभी असेल, गुडघे धरून. तिला आधी बस म्हण. आणि वाचताना भिंतीकडे तोंड करू नकोस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस, आणि रुसलीस की कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचीस. आता केस पांढरे झाले, पन्नाशी उलटली, जग तुला 'बाई' म्हणतं, तरी तुझी भिंत काही सुटली नाही. आणि मीही तुला बारकीच म्हणणार, त्याला इलाज नाही.

आधी कामाचं सांगते. तुझ्या योगवर्गाखालचे छापखानेवाले काका काल दुकानात आले होते. माझ्या शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बराच वेळ बसले, चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले, आणि उठताना दाराशी थांबून म्हणाले, वरची खोली अशीच बंद राहणार असेल तर कागदाचे गठ्ठे तिथे चढवावे म्हणतो, खाली ओल येते. माणूस भला आहे, बोलताना त्यांनाच लाज वाटत होती. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांबा, बाईंना विचारून सांगते. ते म्हणाले, बाई येणार आहेत का. मी हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. तू गेल्यापासून या घरात तुझ्या वतीने बरंच काही मीच बोलते आहे.

ह्यांना जाऊन आता चौथा महिना लागला. तू त्या खोलीला कुलूप घातलंस, किल्ली पर्समध्ये टाकलीस आणि मावशीकडे निघून गेलीस, त्यालाही जवळजवळ तेवढेच दिवस झाले. मी तुला अडवलं नाही. तेव्हा माझ्यात अडवण्याइतकं काही उरलंच नव्हतं. चार दिवसांनी येशील असं वाटलं होतं.

तुझा तो वर्ग म्हणजे माझ्या चेष्टेचा हक्काचा विषय, हे तुला ठाऊक आहेच. सोमवारी पृथ्वी, मंगळवारी आप, बुधवारी तेज, गुरुवारी वायू आणि शुक्रवारी आकाश. बाजाराचे वार ठरलेले असतात तसे तू पंचमहाभूतांचे वार लावून टाकले होतेस. त्यातही जागा छापखान्याच्या वरची. सोमवारी तू सगळ्यांना डोळे मिटून सांगायचीस की पायाखालची जमीन स्थिर आहे, तिच्यावर विश्वास टाका, आणि नेमकं तेव्हाच खाली मोठं यंत्र सुरू व्हायचं नि अख्खी जमीन थरथरायला लागायची. हे घरी येऊन ते सगळं करून दाखवायचे. मी हसून हसून पोट धरायची. नवीन माणूस आलं की तू त्याच्याकडे नुसतं चालताना बघायचीस आणि सांगायचीस, यांच्यात पाणी फार, यांच्यात वारा फार. मला म्हणालीस, वहिनी, तुझ्यात तेज फार आहे. मी म्हटलं, ह्याला तेज नाही म्हणत, संताप म्हणतात, आणि तो मला माहेराहून मिळालेला नाही, तुमच्याच घरात येऊन जडला. तू शिकवायला बोलवत राहिलीस आणि मी कधी आले नाही. तुझ्या उशा, लोड आणि चादरी शिवून दिल्या, एवढाच माझा योग.

पण ह्यांना तू खेचून नेलंस. ग्रिलवर वाकून वाकून कंबर धरली होती, सकाळी मोजे घालायला मी लागायची. पहिल्या दिवशी तू सांगितलंस, तळवे जमिनीला नीट टेकवून ताठ उभा राहा, तर हे म्हणाले, मग आजवर वर्कशॉपमध्ये काय उडत होतो का. बुधवारी जायला कुरकुर करायचे. दिवसभर वेल्डिंगची आगच बघतो, संध्याकाळी अजून कसला अग्नी शिकवते ही, म्हणायचे. पण जायचे. आणि बदलले गं, बारके. मला ते कबूल करायला जड जायचं. पोरांनी माप चुकवलं, कोन वाकडा लावला की पूर्वी हातातला हातोडा आपटायचे. नंतर नंतर मी दुकानातून बघायची, हे गॉगल वर सरकवायचे, तोंड मिटायचे, एक लांब श्वास सोडायचे आणि मगच बोलायचे. पोरं त्या श्वासालाच जास्त घाबरायला लागली होती. मला तुमचा हेवा वाटायचा. जे मला इतक्या वर्षांत भांडून जमलं नाही ते तू श्वास मोजायला लावून केलंस. तुम्ही दोघं जिन्यावरून उतरताना असे एका चालीने उतरायचात की वाटायचं, ह्यात आपली जागा कुठे.

शुक्रवार तेवढा मात्र ह्यांना कधी जमला नाही. बाकी सगळे आडवे पडून, हात अंगापासून दूर, तळवे वर, गार होऊन जायचे आणि ह्यांचा पायाचा अंगठा हलतच राहायचा. मी नेहमी म्हणायची, काय मेलं नाव ठेवलंय, शवासन, चांगल्या माणसाला झोप कशी येईल. हे डोळे उघडून छताकडे बघायचे. एकदा तर सगळे शांत पडलेले असताना ह्यांनी मोठ्याने विचारलं होतं की पंख्याच्या हुकाचं वेल्डिंग कुणी केलंय, कच्चं आहे. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन जाऊन स्वतः नवा हूक लावून आले. तू चिडली होतीस. म्हणालीस, दादा, आकाश म्हणजे काहीही न करणं, तुला तेवढंच येत नाही. हे घरी येऊन मला म्हणाले, बारकीचं बरोबर आहे, मला मोकळं पडून राहायला भीती वाटते, कामाचं काही राहिलं की काय असं वाटत राहतं. मी म्हटलं, राहिलंच आहे, पाठीमागचं दार कधीपासून करकरतंय. ते दार आजही तसंच करकरतं.

आणि तुझा तो नियम. शवासनातून कुणी कुणाला उठवायचं नाही. ज्याला उठायचंय तो आपला आपण उठेल. तुझ्या गुरुजींनी तुला तसंच शिकवलं आणि तू तसंच पुढे चालवलंस. कुणाचा डोळा लागला, कुणी घोरायला लागलं, तरी हाक मारायची नाही. बाकीच्यांनी चटया गुंडाळायच्या, पावलं न वाजवता बाहेर पडायचं. जो पडून राहिला असेल त्याच्या अंगावर तू चादर घालायचीस, पंखा कमी करायचीस आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसायचीस, त्याला जाग येईपर्यंत. मला तो नियम आवडायचा, हे तुला कधी सांगितलं नाही. कामाच्या माणसाला कुणी उठवायचं नाही, असं म्हणणारी जगात एक तरी खोली आहे, हे मला बरं वाटायचं.

त्या शुक्रवारचं आता मी लिहिणार आहे. मावशी अजून उभी असेल तर तिला आत पाठव.

मी ह्यांना बोलवायला आले होते. फाटकाचं माप द्यायला एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. जिना चढून आले तर तू वरच्या पायरीवर बसलेली. ओठांवर बोट ठेवलंस. तुझे डोळे भरून आले होते, आणि मी इतक्या वर्षांत तुला इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं. तू माझा हात धरून मला शेजारी बसवलंस आणि कानात म्हणालीस, "वहिनी, आज दादाला आकाश मिळालं." अंगठासुद्धा हलला नाही म्हणालीस. आधी वर्गातल्या सगळ्यांनाही तू हेच सांगितलं होतंस, आणि ते सगळे ह्यांच्याकडे बघून हसून, कौतुकाने गेले होते. मी गिऱ्हाइकाला विसरले. आपण दोघी तिथे बसलो. तू मला सांगितलंस, लहानपणी हे तुला खांद्यावर घेऊन हिंडायचे आणि तू त्यांचे कान धरून त्यांना वळवायचीस. मी तुला सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी मला काय करून दिलं असेल तर लोखंडी पोळपाट, आणि तो मला उचलायलाच यायचा नाही. तोंडात पदर कोंबून हसलो. मग दवाखान्यात काम करणाऱ्या त्या सिस्टर, तुझ्या वर्गातल्या, त्यांची पाण्याची बाटली आत राहिली म्हणून परत आल्या, आपल्याकडे बघून हसल्या, चपला काढून चवड्यांवर आत गेल्या. आणि आतून त्यांनी हाक मारली. जोरात नाही मारली. "बाई, आत या."

पुढचं तुला माहीत आहे आणि मलाही. सिस्टर ह्यांच्या छातीवर दाब देत राहिल्या, घाम गळत होता त्यांचा, आणि तू शेजारी ती चादर हातात धरून उभी होतीस. दवाखान्याच्या बाकावर तू एकच वाक्य म्हणत राहिलीस, मीच त्याला पांघरूण घातलं, मीच त्याला पांघरूण घातलं. कुणी काही म्हटलेलं नव्हतं, बारके. मी नाही, सिस्टरांनी नाही, कुणीच नाही. तूच फिर्याद केलीस, तूच निकाल दिलास आणि तूच शिक्षा भोगायला मावशीकडे गेलीस.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकायला तू थांबली नाहीस. ते म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, माणसाला कळतही नाही. तेव्हा मी ऐकून घेतलं. पण नंतर मनात आलं की असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. म्हणून महिन्याभराने मी पुन्हा गेले, एकटी, आणि सरळ विचारलं, लगेच कुणाला कळलं असतं तर वाचले असते का. ते म्हणाले, कदाचित. मी तुला खोटं सांगणार नाही. कदाचित म्हणाले. मग म्हणाले, पण झोपेत असं झालं तर शेजारी झोपलेल्या बायकोलाही सकाळीच कळतं. तो 'कदाचित' मी रोज उलटापालटा करून बघते. त्यात तू आहेस तशी मीही आहे, मीही पायरीवर बसून हसत होते. तुझे गुरुजी आहेत, गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी छातीत जळजळतंय म्हणाल्यावर नुसतं पाणी पिऊन कामाला लागलेले हेही आहेत. तो शब्द सगळ्यांनी मिळून उचलायचा आहे. तू एकटीने तो उचलून पळालीस.

आणि ह्याचाच मला राग आला आहे. सांगून टाकते. नवरा माझा गेला. पहिला हक्क माझा. पण तू सगळं दुःख असं कवटाळून बसलीस की माझ्या वाट्याला तुझी काळजी तेवढी राहिली. भेटायला येणारी माणसं माझ्यापाशी बसून तुझीच चौकशी करतात. बाई कशा आहेत, बाई जेवतात का. ह्यांच्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असं माणूस मला या जगात एकच, आणि ते फोन उचलत नाही. येणारे-जाणारे समजूत घालतात, पाच तत्त्वं होती, पाचांत मिळाली. मिळोत. मला तत्त्वांचं काय करायचंय, मला हे हवेत. वर्कशॉपमध्ये खिळ्याला त्यांचे चामडी हातमोजे अजून टांगलेले आहेत. वापरून वापरून त्यांची बोटं वळलेली आहेत, अजून काहीतरी धरून असल्यासारखी. पोरांनी स्वतःसाठी नवीन आणले, पण ह्यांचे खिळ्यावरून कुणी काढत नाही.

बरं, आता एक ऐकून तू रागावशील. ह्यांच्या जुडग्यात वरच्या खोलीची दुसरी किल्ली होती. हूक लावायला गेले होते तेव्हा तूच दिलेली, परत घ्यायची विसरलीस. गेल्या आठवड्यात मी खोली उघडली. धूळ होती, खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. झाडून पुसून घेतली. चादरी सगळ्या घरी आणून धुतल्या. ती चादर दवाखान्यातून माझ्याकडेच परत आली होती, इतके दिवस कपाटात वेगळी ठेवली होती. तीही धुतली. एकाच ठाणातल्या आहेत सगळ्या, मीच शिवलेल्या, एकाच टाक्याच्या. वाळल्यावर मी मुद्दाम सगळ्या दोरीवरून एकत्र ओढल्या, डोळे मिटून घड्या घातल्या, वर-खाली केल्या. आता त्यातली ती कुठली, हे मलाही सांगता येणार नाही. तुलाही येणार नाही. खोलीत थप्पी लावून ठेवली आहे.

खोली उघडी दिसली तर दुसऱ्याच दिवशी खाली माणसं जमली. निवृत्त पोस्टमास्तर, गुडघेवाल्या मॅडम, बसवाली कंडक्टर, आणि सिस्टर. मी म्हटलं, मी नुसती झाडायला आले आहे. ते म्हणाले, आम्हीही नुसतेच आलो आहोत. आपापल्या जागी चटया टाकून बसले आणि थोड्या वेळाने उठून गेले. ह्यांची खिडकीजवळची जागा तेवढी सगळ्यांनी सोडली होती. सिस्टर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बाईंना सांगा, शांत झोप म्हटली की मला अजून इथली शुक्रवारचीच आठवते.

झोपेचाच विषय निघाला म्हणून लिहिते, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते. छापखानेवाले काका, खोली, चादरी, हे सगळं निमित्त आहे. बारके, त्या दिवसापासून मी पाठ टेकून झोपलेली नाही. जमतच नाही. पाठ जमिनीला लागली आणि हात आपोआप बाजूला गेले की मला ह्यांचे तळवे दिसतात, वर वळलेले, मोकळे, काही न धरलेले. मी धडपडून उठून बसते. मुठी आवळून बघितल्या, कुशीवर वळून बघितलं, काही उपयोग नाही. मग खुर्चीत बसून राहते, दुपारी मशीनच्या फळीवर डोकं टेकून जरा डोळा लागतो तेवढाच. मुलांना सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. ज्या बाईने तुझ्या पाचही वारांची आयुष्यभर टिंगल केली ती आता तुझ्याकडे शिकायला येते म्हणते आहे, आणि तिला पृथ्वी, पाणी, अग्नी काही नको, सरळ शुक्रवार हवा. मला आडवं पडायला शिकव. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मी डोळे मिटणार नाही. खिडकीजवळची ती जागा रिकामी आहे, तिथे मी पडेन. तुझ्या गुरुजींचा नियम मात्र माझ्यासाठी मोडायचा. चादर घाल, पण जिन्यावर जाऊन बसू नकोस. माझ्या पायाशी बस आणि तळव्यावर हात ठेवून राहा, म्हणजे मला कळत राहील. झोप लागली तर थोडा वेळ लागू दे. आणि मग मला हाक मारून उठव.

तुझीच, अजून बसलेली,
वहिनी